सब्बलीतली गंगा

"कान लावा, किसनराव! गंगा वाहून राहिली!"

दोन शेतांमधल्या धुऱ्यावर रोवलेल्या सब्बलीला, लोखंडी पहारीला, कान लावून पाणाड्या नत्थुजी ओरडला, तेव्हा जमुना घागरीतलं तळाचं पाणी एका संत्र्याच्या बुडाशी ओतत होती. मे महिन्याच्या उन्हानं बागेतली झाडं माना टाकून उभी. विहीर आटलेली. शेजारचा खुशालराव रोज छातीवर हात ठेवून सांगायचा, "वहिनी, माह्या बोरात थेंब असता तं तुमाले नाई म्हटलं असतं काय?" पाण्याऐवजी त्यानं मोठ्या मनानं हा पाणाड्या आणून दिला होता.

जमुनेनं सब्बलीला कान टेकला. गूंऽऽ गूंऽऽ, मधूनच खर्र. कान उचलला की नुसता वारा; टेकला की लोखंड थेट डोक्यात बोलायचं.

"गंगामायले खोकला झाला काय जी?"

"काया खडकातून येते ते. घासन नाई काय?" नत्थुजी म्हणाला.

"उद्याच बोरची गाडी बोलवा," खुशालरावानं री ओढली. जमुनेचा नवरा किसनराव हात जोडून उभाच.

इतक्यात विहिरीवरच्या पेटीतला लाल दिवा विझला. विजेची लाईन गेली. जमुनेनं पुन्हा कान लावला. सब्बल मुकी.

"काहून जी, लाईन गेली अन् गंगा थांबली?"

"मायले विसावा लागते," नत्थुजी डोळ्याचं पातं न लवता बोलला.

"मंग आमीबी बसतो." ती सब्बलीजवळ फतकल मारून बसली. खुशालरावाला एकाएकी घरची आठवण झाली.

"थांबा ना भाऊजी. माय उठली की जा."

खुशालरावाच्या बोरची लोखंडी पाईपलाईन याच धुऱ्याखालून गेलेली. ती पुरताना मजुरांना चहा जमुनेनंच पाजला होता. सब्बलीचं टोक बरोबर त्या पाईपवर टेकलं होतं.

लाल दिवा लागला. घटकाभरानं खुशालरावाच्या बोरची आपोआप सुरू झालेली मोटार लोखंडातून बोलली. गूंऽऽ खर्र. किसनरावानंही कान लावला आणि तोंड उघडलं, "अवो, हे तं मो..."

जमुनेनं त्याला कोपर मारलं. भांडण नको होतं, पाणी हवं होतं.

"इथंच खणू काय, भाऊजी? माय हातभरच खाली हाय."

खुशालराव पांढराफटक पडला. मग त्यानं नत्थुजीचे पायच धरले. "महाराजाची किरपा! माह्या बोरले पाणी आलं असन, वहिनी! संध्याकाळी नळी सोडतो तुमच्याकडं."

संध्याकाळी तापलेली माती चर्र आवाज करत पाणी प्यायली. पाणाड्याच्या मानाचा नारळ नत्थुजीनं नेला. आटलेलं बोर जिवंत करणारा म्हणून वरूडपर्यंत त्याचं नाव झालं.

त्याची सब्बल मात्र जमुनेनं परत दिली नाही. रोज लाईन आली की ती धुऱ्यावर जाते, कान लावते, आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारते,

"भाऊजी, माय उठली जी!"