हळू बोल

"हळू. बाळ आत्ताच झोपलंय," दार उघडताच मी बँकेच्या साहेबांना म्हणाले. सकाळभर खांद्यावर नाचवलं, तेव्हा कुठं त्याचा डोळा लागला होता. साहेबांनी बूट बाहेर काढले आणि चवड्यांवर आत आले. मागून कुलूप बदलणारा माणूस, अवजारांची पिशवी छातीशी धरून. घराचा ताबा घ्यायला आलेली माणसं अशी चोरासारखी शिरताना बघून मला हसूच आलं.

"हस. हस तू," नवरा दातओठ खात पुटपुटला.

त्याला पुटपुटणं जमत नाही. घाऊक भाजीबाजारात पहाटेच्या लिलावाला बोली पुकारायचं काम त्याचं. सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. तो ढिगावर उभा राहिला की फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही टोमॅटोचा भाव कळायचा. घरीही तेच. त्यानं मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची. लग्न झाल्यापासून माझं एकच पालुपद, हळू बोल.

मग व्यापारी मोबाइलवरून आकडे टाकायला लागले आणि पुकारणारे घरी बसले. मिळेल ते काम केलं त्यानं, पण हप्ते काही झेपेनात. पोलिसांदेखत बाहेर पडण्यापेक्षा आपणच किल्ल्या देऊ, असं मी म्हणत राहिले. तो महिनाभर भांडला. काल संध्याकाळी भांडायचा थांबला.

साहेब मोबाइलवर खोल्यांचे फोटो काढत होते. "तुम्ही स्वतःहून देताय म्हणून बरंय. लोक फार त्रास देतात हो."

"आम्हीपण द्यायला हवा होता. चुकलंच," नवरा म्हणाला.

"अरे, हळू!"

"हळूच बोलतोय ना! अजून किती हळू बोलू? घर चाललंय माझं!"

आतून बाळानं कुरकुर केली. आम्ही चौघंही जागच्या जागी थिजलो. कुलूपवाल्यानं तर श्वासच रोखून धरला. बाळ पुन्हा गप्प झालं.

"मग पुढं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"लिलाव होईल."

त्यानं झटकन मान वर केली. "पुकारणार कोण?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरवरच असतो सगळा."

"आणि सांगणार कोण, की इथं संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नाही? भिंतीला ओल नाही? माल दाखवल्याशिवाय बोली चढते का कुठं?"

"फोटो असतात ना."

"बघू." त्यानं साहेबांच्या हातातला मोबाइलच घेतला. "हे काय? कोळशाची वखार दिसतेय. पुसून टाका हे." आणि पडदा सरकवला, ओट्याखालची बादली उचलून बाहेर ठेवली, बाहीनं खिडकीची काच पुसली. "आता इकडून काढा. कोपऱ्यातून. खोली मोठी दिसते."

साहेब मुकाट्यानं कोपऱ्यात गेले.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला बाजूला ओढलं. "वेड लागलंय का तुला? आपल्याला बाहेर काढतायत, आणि तू त्यांना गिऱ्हाईक आणून देतोयस?"

"चांगला माल पडेल भावानं गेलेला मला बघवत नाही," तो म्हणाला आणि न्हाणीघराचा दिवा लावायला गेला.

फोटो संपले. साहेबांनी सह्या घेतल्या. कुलूपवाला घसा खाकरून म्हणाला, "ताई, आता ड्रिल लावावं लागेल. आवाज होणार."

मी बाळाला तसंच दुपट्यात उचललं. आम्ही बाहेर जिन्यात आलो. ड्रिल किंचाळलं आणि बाळ दचकून उठलं, टाहो फोडून रडायला लागलं. वरखाली दारं उघडली. माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली.

मला एकदम सगळ्याचा वीट आला. त्या पायांच्या चवड्यांचा, त्या सौजन्याचा, माझ्या स्वतःच्या पालुपदाचा.

"आता बोल," मी त्याला म्हणाले. "काय बोलायचंय ते मोठ्यानं बोल. मी नाही अडवणार."

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. ढिगावर चढून पहिली बोली पुकारताना भरायची तशी त्याची छाती भरली. मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि वाट बघत उभी राहिले.

त्याचे ओठ हलले. ड्रिलच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही.

"काय?" मी विचारलं.

त्याला माझ्या कानाशी यावं लागलं. "बाळाची टोपी घेतलीस ना?"