बारापैकी बारा ‘नाही’

दुपारी एक वाजेपर्यंत बेलीफ तुळशीदासने सूर्यमाळचे तीन पाडे पालथे घातले, पण त्याला एकही निःपक्षपाती माणूस सापडला नाही.

काम तसं साधं होतं. पुंजाने झऱ्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर तारेचं कुंपण घातलं आणि तिथे वाट कधी नव्हतीच, असं कोर्टात लिहून दिलं. गोदीने दावा लावला, कारण कुंपण राहिलं तर भर मे महिन्यात तिच्या पाड्याला डोंगराला वळसा घालून पाणी आणावं लागणार. तुळशीदासने दोन पंचांसमोर जागा पाहून पंचनामा करायचा आणि उद्याच्या तारखेला दाखल करायचा. पण पंचांसाठी वरून बारा प्रश्नांचा नवा नमुना आला होता. पक्षकारांना ओळखता का? नातं आहे का? वादातल्या मिळकतीचा उपभोग घेतला आहे का?

पुंजाला न ओळखता इथे राहायचं कसं, असं सोम्याने उलट विचारलं. चंद्रा गोदीची नणंद आणि पुंजाची चुलत मेहुणी निघाली. माघ्या म्हणाला, तो जन्मापासून तेच पाणी पितोय, आणि मघाशी साहेबही तेच प्याले. बेलीफाला नमुना भरावा लागत नाही, हे तुळशीदासचं नशीब.

शेवटी शिरपामाळचं स्मारक बघून इकडे फिरायला आलेलं ठाण्याचं जोडपं त्याने रस्त्यातच अडवलं. बारापैकी बारा उत्तरं ‘नाही’. तुळशीदासला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांना गोदीच्या अंगणात बसवून तो गाडीतून मोजपट्टी आणायला गेला.

परत येतो तर अंगण रिकामं. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, आणि हंडा कोरडा, म्हणून गोदी त्यांना तारेखालून वाकवून थेट झऱ्यावर घेऊन गेली होती. तिघंही ओल्या हातांनी परत येत होती.

“प्यालात?” तुळशीदासने विचारलं.

“दोन-दोन ओंजळी,” बाई म्हणाली. “आणि वाट काय जुनी आहे हो. चालून चालून दगडसुद्धा गुळगुळीत झालेत.”

तुळशीदासने कपाळाला हात लावला. मग दोन्ही नमुन्यांवर उभी रेघ मारली. मिळकतीचा उपभोग घेतलेला, पंच बाद.

गोदीने पदराला हात पुसले.

“पंच नको तर नको, भाऊ. मग हे माझे साक्षीदार.”

बाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं.

तुळशीदासने आधी पिशवी तळापर्यंत उपसली. साक्षीदारांसाठी नमुना नव्हता. मग त्याने वेळ सांगितली.