न वाचता लिहिलेले एकतीस अभिप्राय

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि फार वैतागलेली वही आहे. म्हातारपणी शांतपणे बोलावे असे म्हणतात. मला ते जमणार नाही. लोकांनी माझ्या अंगावर काय काय लिहून ठेवले आहे ते ऐकलेत, तर तुम्हीही माझी बाजू घ्याल.

वर्ध्याच्या एका बुकबाइंडरने १९५३ साली मला बांधले. दोनशे आखीव पाने, जाड पुठ्ठा, वर हिरवे कापड आणि कोपऱ्यांना चामडे. सेलूला बाजाराजवळच्या एका खोलीत तेव्हा नवे वाचनालय निघाले होते. ते चालवणारे बापूराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत लिहिले, "वाचकांनी पुस्तक परत करताना त्याविषयी दोन ओळी लिहाव्यात. त्यावरून पुढच्या वाचकास पुस्तक निवडता येईल." शाई वाळावी म्हणून त्यांनी हळूच फुंकर घातली. मला केवढा अभिमान वाटला! मी काही किराणा दुकानातली वही नव्हते. मी अभिप्राय-वही होते.

पहिला अभिप्राय आला, "पुस्तक छान आहे." दुसरा आला, "पुस्तक छान आहे." तिसऱ्या गृहस्थांनी तर "वरीलप्रमाणे" एवढेच लिहून सही ठोकली. त्यांचे पुस्तक भूगोलाचे होते आणि वरचे नाटकाचे!

कोणी जास्त लिहिले तर आणखी पंचाईत. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रहस्यकथांचे भारी शौकीन. त्यांनी लिहिले, "खून मुनीमाने केला. शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, ही गंमत." आता कसली गंमत उरली? गुरुजींनी ब्लेडने ती ओळ खरवडून काढली. माझे पान पातळ झाले. गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पुस्तकाचा खुनी सांगितला. भाजीपाला पिकवणाऱ्या एकाने सामाजिक कादंबरीवर लिहिले, "नायक शेतकऱ्याचा मुलगा असून वांग्याला फूल कधी येते हे त्याला ठाऊक नाही. पुढे वाचले नाही." नाटकावर अभिप्राय आला, "स्त्रीपात्रे तीन. आमच्याकडे लुगडे नेसायला तयार असलेले दोघेच. सबब निरुपयोगी." आणि कवितासंग्रहावर, "ओळी अर्ध्यावर सोडल्या आहेत. कागदाची नासाडी."

त्यातल्या त्यात वांगीवाला मला बरा वाटे. निदान त्याने पुस्तक उघडले होते.

अशी साडेतीन वर्षे गेली. मग १९५७ च्या जानेवारीत जिजाबाई आली.

ती कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होती. वय चाळिशीचे, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. आदल्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली होती, आणि वस्तीतल्या साक्षरता वर्गात दोन वर्षे अक्षरे गिरवत होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, मले पुस्तक पाह्यजे."

"कशाचं देऊ?"

"ते मले काय माहीत? चांगलं असन ते द्या."

गुरुजींनी मला तिच्यापुढे सरकवले. "यात पाहा. लोकांनी लिहिलं आहे."

ती खाली बसली. ओठ हलवत, बोट फिरवत तिने माझी वीस पाने वाचली. तोवर कोणी माझी सलग दोन पानेही वाचली नव्हती. मग मान वर करून तिने विचारले, "गुरुजी, इथं तं समदेच छान आहेत. मंग निवडाचं कसं?"

मला असे वाटले, की या बाईला उठून मिठी मारावी.

तिने एक कादंबरी नेली. दहा दिवसांनी परत आणली आणि अर्धा तास खपून माझ्यावर लिहिले, "बाई शेवटी विहिरीत जीव देते. पयल्यांदा वाचलं तवा रडू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तं राग आला. तिचं पुढं काय करावं हे लिवणाऱ्याले सुचलं नाई म्हणून त्यानं तिले मारलं. पण मधातली जात्यावरची पानं खरी आहेत. त्याच्यासाठी वाचा."

मित्रांनो, याला म्हणतात अभिप्राय. त्या कादंबरीला नंतर रांग लागली.

जिजाबाई सगळे वाची. भुताच्या गोष्टींवर तिने लिहिले, "भेव वाटलं नाई. भूत लय बोलते." राजांच्या इतिहासावर लिहिले, "लढाया समजल्या. एवढ्या फौजेचा सैपाक कोण करे ते लिवलं नाई." ज्या कवितांना कागदाची नासाडी म्हटले होते, त्यांच्याखाली तिने लिहिले, "मोठ्यानं वाचा. मनात वाचलं तं लागत नाई." हळूहळू लोक पुस्तक हातात घेऊन विचारू लागले, "जिजाबाईनं काय लिवलं याच्यावर?" काहींना ते खुपले. कालपरवा अक्षरे शिकलेली बाई आम्हाला काय सांगणार, असेही बोलले गेले. पण जाताना तेही तिचे पान चोरून बघून जात. मला सगळे कळते, मी टेबलावरच असे.

त्या वर्षी दिवाळीला वाचनालयाचे अध्यक्ष भैयाजी यांनी स्वतः एक पुस्तक लिहून छापले. वाचनालयाची खोली भैयाजींची, खुर्च्याही त्यांच्याच. त्यांना औषधोपचाराची हौस होती आणि ते गरिबांना चूर्ण, काढे फुकट देत. माणूस वाईट नव्हता. पुस्तक होते घरगुती उपचारांचे. दोनशे प्रती छापल्या, गावोगावी वाटल्या, एक वाचनालयाला दिली.

महिन्याभरात माझ्यावर त्याचे एकतीस अभिप्राय जमा झाले. "अमूल्य ग्रंथ." "घरोघरी असावे असे पुस्तक." आणि ते पुस्तक माझ्या शेजारीच पडून होते हो! तेव्हा काही पुस्तकांची पाने कडेला जोडलेली येत. वाचणाऱ्याने ती चाकूने कापायची असत. त्या पुस्तकाचे एकही पान कोणी कापले नव्हते. एकतीस जणांनी बंद पुस्तकाची स्तुती केली होती. त्यांतला एक अभिप्राय खुद्द गुरुजींचा होता. त्याचे मला फार वाईट वाटले.

मग ते पुस्तक जिजाबाईने नेले. चौथ्या दिवशी आली ती बसलीही नाही. उभ्यानेच तिने लिहिले, "खोकल्याचा काढा चांगला आहे, म्या करून पाह्यला. पण पान ४१ चूक आहे. लहान लेकराले हगवण लागली तं तीन दिवस पाणी बंद ठेवा असं त्यात लिवलं आहे. असं करू नका. माझी पंचफुला अशीच गेली. तवा मले कोणी सांगतलं नाई."

ही गोष्ट भैयाजींच्या कानावर गेली. रविवारी त्यांनी जिजाबाईला वाचनालयात बोलावले. मला टेबलावर उघडून ठेवले होते.

"जिजाबाई, तू वैद्य आहेस का?"

"नाई."

"मग हे काऊन लिहिलंस?"

"वाचलं म्हणून लिवलं. या वहीत तेच लिवाचं असते ना?"

"एकतीस लोकांनी चांगलं म्हटलं आहे. ते सगळे खोटे आणि तू एकटी खरी?"

"त्यायनं वाचलंच नाई, भैयाजी. पानं म्या कापली. माया इळ्यानं."

गुरुजी छताकडे पाहू लागले. भैयाजींचे कान लाल झाले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, हे झाकून टाका. ही खोली माझी आहे, एवढं लक्षात ठेवा."

गुरुजींनी पिठाची खळ आणली आणि त्या अभिप्रायावर कोरा कागद चिकटवला. जिजाबाई पाहत राहिली आणि निघून गेली. नंतर ती वाचनालयात आली नाही. माझ्यावर पुन्हा 'छान', 'उत्तम', 'वरीलप्रमाणे' सुरू झाले. मी वैतागाने फुगले असे मी म्हणते. खळीच्या ओलाव्याने फुगली, असे गुरुजी म्हणत.

१९५८ चा मे महिना उजाडला. विहिरी तळाला गेल्या, पाणी गढूळ झाले आणि लहान मुलांत हगवणीची साथ आली. एका दुपारी चिंधू नावाचा बैलगाडी हाकणारा बंडीवाला धावत वाचनालयात शिरला. त्याच्या हातात भैयाजींचे पुस्तक होते.

"गुरुजी, हे पुढचं पान वाचून सांगा. मले नीट वाचता येऊन नाई राह्यलं. पोट्टं दोन दिवसापासून पाण्याबिना आहे. आता डोये फिरवून राह्यलं. तिसरा दिवस भरू द्याचा, का आत्ताच पाणी द्याचं?"

गुरुजी ताडकन उठले. "पाणी बंद करायला कोणी सांगितलं तुला?"

"पुस्तकानं. तुमीच तं लिवलं ना, घरोघरी असावं म्हणून? तुमचं नाव पाहूनच म्या पुस्तक नेलं, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा माझ्या पानासारखा कोरा झाला. त्यांनी मला ओढले आणि चिकटवलेला कागद नखांनी खरडून काढला. माझी कातडी सोलली गेली. जिजाबाईची अर्धी अक्षरे त्याबरोबर निघून आली. पण "असं करू नका" एवढे स्पष्ट दिसत होते. चिंधूच्या खांद्याला धरून ते ओरडले, "पाणी दे! पळ! उकळून गार केलेलं, चमच्या-चमच्यानं!" आणि स्वतः चपला न घालता सरकारी दवाखान्याकडे धावले.

पुढचे मी पाहिले नाही. गुरुजींनीच नंतर या खोलीत सांगितले, ते मी सांगते. दवाखान्यातल्या नर्स मीराबाई लगेच निघाल्या. पण चिंधूची बायको धुरपता पोराला पोटाशी धरून बसली होती. ती कोणालाच पाणी पाजू देईना. छापील पुस्तकात लिहिले आहे, पाणी पाजले तर पोरगा जाईल, हेच तिच्या मनाने घेतले होते. नर्सबाई समजावून थकल्या. तेव्हा गुरुजी जिनिंगमध्ये गेले आणि जिजाबाईला घेऊन आले. वाटेत त्यांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं मंग पाहू. पयले चाला."

ती धुरपताजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "धुरपते, मीबी अशीच मांडीवर घेऊन बसली होती. म्या पाजलं नाई. म्हणून तुले सांगून राह्यली."

धुरपताने तिच्याकडे पाहिले. मग हात सैल केले.

पहिले दोन चमचे ओठांवरून सांडले. तिसरा त्याने गिळला. संध्याकाळच्या मोटारीने त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. नऊ दिवसांनी खुशाल घरी आला, काडीसारखा, पण रडत. जिजाबाई म्हणे, तो रडतो हे ऐकायला लोक दारात उभे राहत.

गुरुजींनी माझ्यावरच्या आपल्या अभिप्रायाखाली लिहिले, "हा अभिप्राय मी पुस्तक न वाचता लिहिला. बापूराव." बाकीच्या तिसांनाही त्यांनी बोलावले. अकरा आले आणि मान खाली घालून तसेच लिहून गेले. उरलेले एकोणीस म्हणाले, आम्ही वाचले होते. काय बोलावे अशा लोकांना!

पंधरा दिवसांनी भैयाजी आले. खंगल्यासारखे दिसत होते. जिजाबाई कपाटापाशी पुस्तक निवडत होती. भैयाजींनी मला उघडले आणि ते सोललेले पान बराच वेळ वाचले.

"जिजाबाई, तुमची लेक केवढी होती?" ते प्रथमच तिला 'तुम्ही' म्हणाले.

"दीड वर्साची."

"मी ते एका जुन्या पोथीतून उतरवलं होतं. कोणाला विचारलं नाही."

जिजाबाईने हातातले पुस्तक खाली ठेवले. मग म्हणाली, "मले सांगून काय होते, भैयाजी? ज्यायले पुस्तक देलं त्यायले जाऊन सांगा."

"दोनशे प्रती आहेत."

"मंग दोनशे घरी जा."

आणि भैयाजी गेले. पासष्ट वर्षांचा माणूस, कधी बंडीत, कधी पायी. रोहणा झाले, नाचणगाव झाले, नदीकाठची खेडी झाली. प्रत्येक घरी पुस्तक मागून घ्यायचे, पान एकेचाळीसवर आडवी रेघ मारायची, खाली "हे चूक आहे. लेकराला पाणी द्या" असे लिहून सही करायची. परत आले की गुरुजी माझ्या शेवटच्या पानांवर त्या घरांची नावे लिहीत. मी भरले ती त्या नावांनी. इतके चांगले काही माझ्यावर आधी कधी लिहिले गेले नव्हते.

आता १९५९ साल आहे. मी कपाटाच्या खालच्या खणात असते. कोपऱ्याचे चामडे सुटले आहे, आणि गेल्या महिन्यात कोणीतरी माझ्यावर दौत ठेवली होती. असो. धूळ झटकाल तर बरे वाटेल, नाही झटकली तरी चालेल. पण मित्रांनो, पुस्तकाविषयी लिहिताना एवढे करा. वाचले असेल तरच लिहा. आवडले नाही तर नाही म्हणा, लिहिणारा कितीही मोठा असो. तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून कोणीतरी ते पुस्तक घरी नेणार असते.

आणि आणखी एक. भैयाजींनी एकशे त्र्याऐंशी प्रती शोधल्या. सतरा मिळाल्या नाहीत. कोणी सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर दिली, कोणी रद्दीत घातली, कोणी उसनी दिली ती कोणाला हेच विसरले. तेव्हा आज घरी गेलात की फळीवर पाहा. घरगुती उपचारांचे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक असेल, तर पान एकेचाळीस उघडा. त्यावर रेघ नसेल, तर ती तुम्ही मारा. आत्ताच मारा.