दोरीवरचं इंग्रजी

शाळेत बाईंनी तिला इंग्रजीत नापास केलं होतं, आणि तेही एकदा नाही, दोनदा. पुढे त्याच बाईंच्या एकुलत्या एका मुलाने लग्न करीन तर हिच्याशीच म्हणून हट्ट धरला. आता याला नशीब म्हणायचं की फेरपरीक्षा, ते ज्याचं त्याने ठरवावं. लग्न झालं तरी तिच्या तोंडून ‘आई’ काही निघेना, ‘बाई’च निघायचं. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. सुनेने ‘आई’ म्हणून हाक मारली असती, तर कोण आलंय म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं असतं.

ती एका लहान दवाखान्यात नर्स होती आणि तिला कायमची रात्रपाळी होती. संध्याकाळी लेकीला दोन घास भरवायचे आणि निघायचं. सकाळी परत यावं तर पोरगी शाळेत गेलेली. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा, सलग आठवडाभर घरी राहिला तर नवल. त्यामुळे पाच वर्षांची छकुली झोपायची आजीच्या, म्हणजे आता निवृत्त झालेल्या बाईंच्या कुशीत आणि उठायचीही आजीच्याच कुशीत. एकदा शाळेत तिने घराचं चित्र काढलं. त्यात आजी होती, बाबा होता, बाबाचा ट्रकही होता.

‘‘आणि आई कुठाय गं?’’ चित्र बघून आईने विचारलं.

‘‘आई कामावर गेलीय ना!’’ छकुली म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. आईला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अशात मोठ्या हॉस्पिटलात दिवसपाळीची जागा निघाली. पण तिथे परदेशातून पेशंट येत, म्हणून मुलाखत इंग्रजीत होणार होती. तिने तिथल्या तिथे हातपाय गाळले.

‘‘अर्ज कर,’’ बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

‘‘बाई, मला इंग्रजी कुठे येतं...’’

‘‘हे तू मला सांगतेस? नापास मीच केलंय ना तुला!’’

शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी टेबलाशी बसल्या, तर रात्रभर जागलेली सून दुसऱ्याच वाक्याला टेबलावर डोकं टेकून झोपली. बाईंनी तिला उठवलं, कपड्यांची बादली हातात दिली आणि गॅलरीत नेलं. उभं माणूस झोपत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथून पुढे रोजचा वर्ग कपडे वाळत घालता घालता व्हायला लागला.

पद्धत अगदी साधी होती. दोरीवर पहिला लावायचा तो करणाऱ्याचा कपडा. छकुलीचा फ्रॉक, नवऱ्याचा शर्ट नाहीतर बाईंची साडी. शेवटी टॉवेल, म्हणजे मुख्य क्रियापद. आणि दोघांच्या मधे दोरीवर नुसताच एक पिवळा चिमटा. तो मदतनीस.

‘‘इंग्रजीतलं मुख्य क्रियापद म्हणजे बसल्या जागेवरून हलायला नको त्याला,’’ बाईंनी समजावलं. ‘‘उद्याचं बोलायचंय, नाही म्हणायचंय, प्रश्न विचारायचाय, सगळी धावपळ या मदतनीस क्रियापदाने करायची. विल, कॅन, हॅज, ही सगळी त्यातली मंडळी.’’

‘‘म्हणजे आमच्यासारखंच की, डॉक्टर खुर्चीत आणि नर्स...’’

‘‘गप बस. फ्रॉक, चिमटा, टॉवेल. बोल.’’

‘‘शी विल ईट.’’

‘‘आता विचार.’’

तिने पिवळा चिमटा काढून फ्रॉकच्या अलीकडे लावला. ‘‘विल शी ईट?’’

‘‘बघ! शाळेत काय झालं होतं तुला?’’

‘‘शाळेत तुम्ही चिमटे कुठे दिले होते?’’ ती बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. बाई मात्र खळखळून हसल्या. आपली सासू अशी हसते, हे तिला लग्नाला सात वर्षं झाल्यावर कळलं.

वाक्यात मदतनीस नसलाच तर ‘डू’ला हाक मारायची. तो बिचारा एरवी दिसत नाही, पण प्रश्न आला की धावत येतो. शिवाय ‘शी ईट्स’मधला शेवटचा ‘स’ क्रियापदाच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि ‘डझ’ होतो. असा जीव लावून शिकवायच्या बाई. चुकलं की दोरीवरचं सगळं खाली आणि पुन्हा पहिल्यापासून. समोरची शेजारीण तर गल्लीभर सांगत सुटली होती, की सासू वाळत घातलेले कपडे सुनेला पुन्हा पुन्हा काढायला लावते, काय तरी मेला छळ!

फक्त एक गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नाही. दोरीवर कपडे घरचेच, त्यामुळे वाक्यंही घरचीच. नवरा घोरतो का, सासू जेवली का, छकुली हट्ट करील का, यापलीकडे त्यांचं इंग्रजी एकदाही गेलं नाही. दवाखान्यातला एक शब्द त्यात यायला नको?

मुलाखतीला एक डॉक्टर होते आणि साठीला टेकलेली हेड नर्स होती. हेड नर्स स्वतःच तिथल्या खाटेवर आडवी झाली.

‘‘मी पेशंट आहे, उद्या घरी जाणार आहे. काय विचारायचं ते इंग्रजीत विचार.’’

दुखणं, गोळ्या, जखम, झोप. काय विचारायचं ते तिला पाठ होतं, पण मराठीत. इंग्रजीत एक शब्द फुटेना. लेकीचं ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि वाटलं, गेली ही नोकरी. मग तिने डोळे मिटले आणि गॅलरीतली दोरी आठवली. दोरीवर जे होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

‘‘हॅज युअर मदर-इन-लॉ ईटन?’’

डॉक्टरांनी कागदात तोंड लपवलं. पण आता गाडी सुटली होती, ती थांबते कसली!

‘‘डझ युअर हजबंड स्नोअर? विल युअर डॉटर कुक फॉर यू? कॅन युअर सन लिफ्ट यू?’’

हेड नर्स आधी पोट धरून हसली. मग हसणं ओसरलं आणि ती खाटेवर उठून बसली.

‘‘गोळ्यांचं सगळेच विचारतात,’’ ती डॉक्टरांना म्हणाली. ‘‘घरी उचलायला, करून घालायला कोण आहे, हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं. आणि एक वाक्य चुकलं नाही हो हिचं.’’ मग तिच्याकडे वळून म्हणाली, ‘‘दवाखान्याचे शब्द मी शिकवीन. पुढच्या आठवड्यापासून ये.’’

ती घरी पळतच आली. ‘‘झालं, बाई!’’ एवढंच तिला म्हणता आलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘पास.’’

नोकरीच्या पहिल्या दिवशी ती संध्याकाळीच घरी होती. जेवणं झाल्यावर छकुली उशी घेऊन टुणकन आईच्या खोलीत आली. शाळेतलं, मैत्रिणीचं, पडलेल्या दाताचं, काय काय सांगत राहिली आणि बोलता बोलता आईच्या पोटावर पाय टाकून झोपून गेली. तो पाय हलवायची तिची छाती होईना. एवढं सुख तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती पाणी प्यायला उठली. बाईंच्या खोलीत दिवा चालू होता. बाई पलंगाच्या कडेला बसून घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालत होत्या.

‘‘झोप नाही येत, बाई?’’

‘‘येईल गं. पलंग मोठा वाटतोय जरा. होईल सवय.’’

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. पोरीचा पाय आजवर या बाईंच्या पोटावर असायचा. सुनेला ही नोकरी मिळाली की आपली कूस रिकामी होणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्या रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहत होत्या, ओरडत होत्या, एक चूक सोडत नव्हत्या. इतकं तर तिच्यासाठी तिच्या माहेरीही कुणी केलं नव्हतं.

‘‘बाई, तुम्हाला माहीत होतं,’’ ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. ‘‘कसे फेडू हो मी हे उपकार?’’

‘‘उपकार कसले? पोरीला आई लागते. जा, झोप जा, सकाळी ड्युटी आहे.’’

ती गेली. पण झोपायला नाही. झोपलेल्या लेकीला अलगद उचलून घेऊन आली, बाईंच्या पलंगावर मधोमध ठेवली आणि या कडेला स्वतः आडवी झाली.

‘‘अगं, तिघी कशा मावणार इथे?’’ बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकून त्यांनी जागा केली.