तुमच्या आई

पिवळी लोकर, मधे एक पांढरा पट्टा, वर गोंडा... किटलीवर घातलेली ती टोपी तिची नव्हती. फोन डोळ्यांजवळ नेऊन तिनं फोटो मोठा केला. ओटा तिचा होता, मागच्या फरशा तिच्या, किटली तिनंच मागवलेली. त्या घरातली चमच्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंतची प्रत्येक वस्तू तिनं इथं, इतक्या लांब बसून, पांढऱ्या नाहीतर राखाडी रंगात निवडली होती — पांढऱ्यात घर स्वच्छ दिसतं, फोटोत मोठं दिसतं, आणि मुख्य म्हणजे कुणाचंच वाटत नाही. येणाऱ्याला चार दिवस आपलं वाटायला मोकळं राहतं. आणि त्या कुणाच्याच नसलेल्या घरात ही पिवळी टोपी.

फोटोखाली पाहुणीनं लिहिलं होतं : 'तुमच्या आई फार गोड आहेत. सकाळीच येऊन गेल्या. चहा गार होतो म्हणून किटलीला ही टोपी घालून गेल्या.'

तुमच्या आई. आई जाऊन किती वर्षं झाली... आईला तर सुईत दोरा ओवायचाही कंटाळा होता. तिला क्षणभर हसूच आलं, आणि मग ते हसू तिथंच, ओठांवर, काय करावं न कळून थांबलं.

काचेपलीकडे, कान तपासायला बाहेरचा आवाज आत शिरू नये अशा केलेल्या छोट्या खोलीत, एक निवृत्त गृहस्थ कानांवर हेडफोन लावून बसले होते. हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं, एवढंच. तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला, आवाज एक पायरी खाली आणला आणि कळ दाबली. गृहस्थांनी बटण दाबलं. अजून खाली. दाबलं. मग तिनं काहीच पाठवलं नाही — तरी त्यांनी दाबलं. असे लोक तिला नवीन नव्हते. आता आवाज आलाच असणार, आपल्यालाच आला नसेल, असं वाटून ते दाबतात, आणि मग चोरी पकडली गेल्यासारखे काचेतून तिच्याकडे बघतात.

तीही आता तशीच बघत असणार. कारण गृहस्थांनी काचेतून तिच्याकडे पाहून विचारल्यासारखी मान हलवली — काही चुकलं का?

नाही, तुमचं काही चुकलेलं नाही.

लोकर बघताक्षणीच तिला कळलं होतं. काकू. तिच्या भाडेकरू, म्हणजे तेव्हाच्या. समुद्राजवळच्या त्या गावात तिनं आणि नवऱ्यानं म्हातारपणी राहायला म्हणून ती जागा घेतली होती, आणि म्हातारपण यायला वेळ होता म्हणून भाड्यानं दिली होती. काकू आणि काका राहायला आले, मग काका गेले, काकू राहिल्या. कधी तक्रार नाही, नळ गळला तर स्वतःच प्लंबर बोलवायच्या आणि नंतर सहज सांगायच्या. ती दोनदाच तिथं गेली होती, आणि दोन्ही वेळा काकूंच्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता. बोलताना त्यांचे हात थांबत नसत, नजर मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर असे. मग सगळे सांगू लागले — अगं, सोन्यासारखी जागा, आणि काय तिथं एक भाडेकरू बसवून ठेवलाय! आता कोण असं भाड्यानं देतं? पाहुणे ठेव. दोन-दोन, चार-चार दिवसांचे. सगळं फोनवरून होतं. कुलूपसुद्धा फोनवरून उघडतं.

आणि तिनं काकूंना फोन केला होता. खरं सांगायला काय हरकत होती? पण जीभ वळली ती भलतीकडेच. म्हणाली, मुलाला तिकडेच नोकरी लागतेय काकू, तो राहायला येणार. मुलगा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला समुद्राच्या वाऱ्यानं सर्दी होते. काकू एवढ्या खूष झाल्या... अगं मग छानच की. मी पडदे ठेवूनच जाते. मुलांना पडदे लावायचं सुचत नाही.

त्यांनी ठेवलेले पडदे तिनं काढायला लावले होते. पांढरे नव्हते.

गृहस्थांची तपासणी संपली. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, असं तिनं त्यांना सांगितलं, ते म्हणाले, बायको उजवीकडेच बसते, म्हणून एवढे दिवस कळलं नसेल. एरवी ती यावर मनापासून हसली असती. ते गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि फोनवर जुने अभिप्राय उघडले, म्हणजे पाहुणे जाताना लिहून जातात ते. 'मालकीणबाईंनी जातीनं येऊन गीझर कसा चालतो ते दाखवलं.' 'मालकीणबाई प्रेमळ.' 'ती खिडकी थोडी वर उचलून ढकलावी लागते, हे मालकीणबाईंनी सांगितलं नसतं तर आम्ही उकडून मेलो असतो.' हे सगळं तिनं आधी वाचलं होतं. वाचून सुखावली होती. तिच्या मते हे काम फटाफटचं होतं. फटाफट म्हणजे तिथली सफाईवाली — स्कूटरवरून गावातली दहा घरं आवरत फिरणारी, फोनवर कुठल्याही प्रश्नाला 'करते फटाफट' एवढंच उत्तर देणारी. त्या बाईला गीझर समजावून सांगायला सवड कुठून असणार?

कळलं नव्हतं का मला? त्या खिडकीचं तर मलाही माहीत नव्हतं. ते त्या घरात पावसाळे काढलेल्या माणसालाच माहीत असणार, आणि असं माणूस एकच होतं. कळलं होतं — आणि मी ते कळू दिलं नव्हतं. अभिप्राय चांगले येत होते ना. चांगल्या अभिप्रायाच्या मुळाशी कोण जातं?

फोन पुन्हा थरथरला. या वेळी फोटो नव्हता. 'ताई, आई परत आल्या होत्या, दारातच चक्कर आली. आत झोपवलंय. घाम आलाय खूप. प्लीज फोन करा.'

बाहेर बाकावर पुढची पेशंट, एक आई आणि तिची लहान मुलगी, थांबली होती. तिनं त्यांना जरा बसा म्हणून सांगितलं आणि त्या आवाज न शिरणाऱ्या खोलीत शिरून दार ओढून घेतलं. पहिला फोन फटाफटला. काकू पडल्यात, आपल्या घरी, लगेच जा, आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन जा.

"जाते फटाफट," ती म्हणाली. मागे बादलीचा आवाज झाला.

"त्या येतात तिथं? रोज?"

"रोज नाही. पाहुणे बदलले की येतात." आणि मग, साधेपणानं, "तुम्हीच सांगितलं असेल असं वाटलं मला. मालकीणबाईंची परवानगी आहे म्हणाल्या."

मालकीणबाई म्हणजे मी... तिला वेळ नव्हता यावर विचार करायला. तिनं पाहुणीला फोन लावला. मुलगी तरुण होती, आवाज घाबरलेला, पण कामाची होती. पाय उंच केलेत, खिडकी उघडलीय, नवरा पाणी आणतोय असं तिनं भराभर सांगितलं. डॉक्टर निघालेत, असं हिनं सांगितलं.

"ताई, त्यांना साखर आहे का? ब्लड प्रेशर? काही द्यायला हवं का?"

त्या खोलीत स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पेशंट नेहमी तक्रार करतात, इथं कानांना दडे बसल्यासारखं होतं. आपल्या आईच्या गोळ्या तिला तोंडपाठ होत्या — गुलाबी सकाळी, पांढरी अर्धी, जेवणाआधीची, जेवणानंतरची. आई गेल्यानंतरही कितीतरी दिवस सकाळी हात डबीकडे जायचा.

"मला... नक्की माहीत नाही," ती म्हणाली.

"गोळ्या कुठल्या घेतात?" पाहुणीनं विचारलं.

"विचारून सांगते."

कुणाला विचारणार होती? पलीकडून नुसतं 'बरं' आलं. आवाज न चढवताही माणसं किती बोलतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ती मुलगी मनात काय म्हणत असेल ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं — लांब राहते, घरातून पैसा काढते, आणि आईला काय होतंय ते ठाऊक नाही. एका वाक्याचं काम होतं. अगं, त्या माझ्या आई नाहीत. पण ते वाक्य खरं असूनही या क्षणी इतकं हलकट वाटलं की ते तिच्यानं उच्चारवेना. माझ्या आई नाहीत, मग कोण आहेत? मी काढून लावलेल्या बाई आहेत.

"त्या म्हणत होत्या मुलीला कळवू नका," पाहुणी जरा मऊ होऊन म्हणाली. "कामावर असते, उगाच जीव घाबरा होईल तिचा. आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या ना, माझ्या मुलीचं घर आहे, ती लांब असते म्हणून मी बघते."

म्हणजे खोटं तिनं एकटीनंच सांगितलं नव्हतं. हे ऐकून जरा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट छातीवर कुणीतरी हलकेच हात ठेवला, आणि तो काढलाच नाही.

त्या लहान मुलीची तपासणी तिनं कशी केली कोण जाणे. मुलगी आवाज आला की बटण दाबायचं सोडून हसायची, आणि ते हसू बघून बघून ती नोंदी करत गेली. मुलीच्या आईनं विचारलं, सगळं नीट आहे ना? नीट आहे, ती म्हणाली. आणि मग उगाचच, तुम्ही काळजी घेता ना हिची, असं काहीतरी बोलून गेली. त्या बाईनं विचित्र नजरेनं पाहिलं.

दुपारी फटाफटचा फोन आला. डॉक्टर येऊन गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात उन्हातून दोनदा येणं-जाणं, दुसरं काही नाही. आता उठून बसल्यात. पाहुणीनं त्यांना खायला दिलं. "घ्या, बोला," म्हणून तिनं फोन दिलासुद्धा, नको म्हणायला वेळच ठेवला नाही.

"अगं, उगाच घाबरवलं गं तुला या पोरांनी." काकूंचा आवाज बारीक झाला होता, पण तोच.

"काकू, कसं वाटतंय?"

"मला काय झालंय. मुलगा बरा आहे ना?"

"बरा आहे."

आणि मग तीच पुढं म्हणाली, "काकू, तो... ते घर—"

"येऊ दे गं त्याला सावकाश," काकू म्हणाल्या. "नोकऱ्यांचं काय खरं असतं हल्ली? तोवर घरात माणसं येती-जाती असलेली बरी. बंद घराला ओल धरते. पडदे काढलेस ते बरं केलंस, धूळ फार बसायची."

आणि फोन पुन्हा फटाफटच्या हातात गेला होता.

माहीत होतं त्यांना? की खरंच वाट बघत होत्या? त्या आवाजात टोमणा शोधून ती दमली. दिवसभर लोकांना अगदी बारीक आवाज ऐकवून, ऐकू येतो का, येतो का, विचारणारी ती... आणि या चार वाक्यांत टोमणा होता की माया, हे तिला सांगता येत नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रडता तरी येतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे ऐकलं, काकू ठीक आहेत ना ते आधी विचारलं, आणि मग म्हणाला, की हे थांबवायला हवं, उद्या तिथं खरंच काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आपली. फटाफटला ताकीद दे, पाहुण्यांना लिहून टाक की या घराशी संबंध नसलेल्या कुणाला आत घेऊ नका. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. ती फोन घेऊन बसलीही लिहायला. 'या घराशी संबंध नसलेल्या...' इथवर लिहून झालं, आणि तिथं बोट थांबलं. घराशी नक्की कुणाचा संबंध नाही, हे ठरवल्याशिवाय तिला त्या वाक्याच्या पुढं जाता येईना. पुसलं.

मग फटाफटला फोन केला. काकू आता राहतात कुठं?

"बाजाराच्या मागं. दुसऱ्या बाईबरोबर खोली वाटून." मग, नेहमीची तऱ्हा सोडून, अजिबात फटाफट नव्हे असं, "तुम्हाला पत्ता कशाला हवा?"

आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं होतं. माफी मागायला? ती मागितली की काकू म्हणणार, कशाची गं? मदत करायला? येऊ नका म्हणून सांगायला? आजपर्यंत तिनं काकूंना त्या घराबाहेर कधी बघितलंच नव्हतं, मनातसुद्धा. घर सोडल्यावर त्या कुठल्या जिन्यानं चढत असतील, कुणाच्या उशाशी झोपत असतील, असं काही तिनं डोळ्यांपुढं उभंच केलं नव्हतं... जा म्हटल्यावर माणूस जातो म्हणजे काय, कुठंतरी जातोच ना. एवढे दिवस ती एका खोट्याचा ठपका जपत होती, कारण खोटं बोलण्याइतका लहान ठपका तिला पेलत होता.

"असू दे," ती म्हणाली. "नंतर बघू."

"उद्या नवे पाहुणे येणार," फटाफट म्हणाली. "काकूंना काय सांगू, या की नको?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मुलांना घरी बोलावत होतं, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. ती ऐकत राहिली. फटाफट फोन धरून होती, घाई न करता. तेव्हा तिला कळलं की आपण विचार करतोय तो वेगळाच — उद्याच्या पाहुण्यांनी तुमच्या आई आल्या होत्या असं लिहिलं, तर आपण काय उत्तर लिहू... आणि त्यांनी तसं लिहिलंच नाही, तर.