गप्पांची रिकामी यादी

मित्रांनो, मरोळच्या कारखान्यांतल्या मेकॅनिक लोकांची मी जुनी मेलिंग लिस्ट आहे. मला रंग नाही, रूप नाही. एकाने मला ईमेल पाठवलं की यादीतल्या सगळ्यांना ते पोचवायचं, एवढंच माझं काम.

राजाराम सावंतांनी मला सुरू केलं. "बेअरिंग तापतंय, काय करू?" असं कुणी सकाळी विचारलं, की चहाच्या सुट्टीपर्यंत उत्तरं हजर. उत्तराखाली 'अवांतर' असं लिहून लोक घरचंही सांगायचे. रोझारिओ अंकलचं अवांतर सगळ्यांत लांब. गावठाणातल्या घरामागचा शेवगा, बायकोने, पेट्रिशियाने घातलेलं लोणचं, तिचे दुखरे गुडघे. लोक माझं कौतुक करायचे. फार बरे दिवस होते ते.

पुढे राजाराम मालवणला कायमचे राहायला गेले आणि माझी देखभाल अनिरुद्धकडे आली. तो मनाचा चांगला, पण शिस्तीचा. एकदा त्याने वैतागून लिहिलं, "अंकल, इथे लोक मशीन बंद ठेवून उत्तराची वाट बघतात ना! ते उत्तर तुमच्या लोणच्यात बुडतं."

"लोणचं खाताना बरा गप्प होतास रे!" यादीतल्याच चेतनाने लगेच टोमणा मारला.

पण अनिरुद्धचंही खरं होतं. त्याने 'गप्पा' नावाची दुसरी लिस्ट उघडली आणि अवांतर तिकडे लिहायला सांगितलं. तिथे ज्याने त्याने आपलं नाव घालायचं होतं. 'घालू सावकाश' म्हणत सगळ्यांचं राहून गेलं. अंकलनी मात्र त्याच दिवशी घातलं.

मी स्वच्छ झाले. नुसते पट्टे, तेल आणि बेअरिंग. माणसांच्या बातम्यांसाठी मी झुरू लागले.

'गप्पा' आणि मी, आम्ही दोघी एकाच सर्व्हरवर राहतो. तिचं टपाल मला दिसतं. एक दिवस तिच्याकडे अंकलचं पत्र आलं, "पेट्रिशिया गेली. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याची मिस्सा, प्रार्थना आहे. आपल्यातलं कोणी आलं तर बरं वाटेल." ते सगळ्यांच्या हाती द्यावं म्हणून माझा जीव तुटला. पण माझ्या पत्त्यावर न आलेलं पत्र मला पाठवता येत नाही. 'गप्पा'च्या यादीत दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून ते फिरून अंकलकडेच गेलं.

दिवाळीनंतर चेतनाने विचारलं, "रोझारिओ अंकल आहेत कुठे रे?" तेव्हा कुठे अनिरुद्धने 'गप्पा' उघडली. यादीत एकच नाव होतं. त्याने स्वतःचंही घातलं नव्हतं.

दोघे त्याच संध्याकाळी गावठाणात गेले. रात्री अनिरुद्धने मला सगळ्यांसाठी पत्र दिलं, "मी माफी मागितली. अंकल म्हणाले, 'अरे बाबा, मला वाटलं, तुम्ही कामात असाल. मिस्साला पुढचे दोन बाक तुमच्यासाठी धरून ठेवले होते.' "

आता 'गप्पा'मध्ये सगळ्यांची नावं आहेत. अंकलनी अजून काही लिहिलेलं नाही.

मित्रांनो, कामाच्या जागी काम हवंच. पण कुणाला बोलायला दुसऱ्या खोलीत पाठवाल, तर आधी तुम्ही तिथे जाऊन बसा.