ठमी सुइणीच्या कमरेची दोरी

मी दोरी बोलतेय. हसता काय? विहिरीची नव्हे, गुरांचीही नव्हे. मी ठमी सुइणीच्या कमरेची दोरी. चार हात लांब, करंगळीपेक्षा बारीक, आणि अंगभर गाठीच गाठी.

माझा जन्म छप्पन्न सालचा, शहापूर तालुक्यात शेणव्याच्या कडेला एक वाडी आहे तिथला. ठमीच्या नवऱ्याने, म्हादूने, अंबाडी ओढ्यात कुजवली, साल सोलून धुतली आणि मांडीवर वळून मला घडवलं. त्याला शेळी बांधायची होती. पण ठमीने मला त्याच्या हातून ओढून घेतलं. "शेळीला दुसरी वळ. ही माजी." झालं! शेळीच्या गळ्यात जायची ती मी ठमीच्या कमरेला गेले, तिच्या तंबाखूच्या चंचीशेजारी. त्या वासाची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली, खोटं कशाला सांगू?

ठमीला अक्षर येत नव्हतं, पण पाच गावांतल्या बायांचे दिवस तिला सांभाळायचे असत. एखादीचा महिना चुकला आणि तिने येऊन कानात सांगितलं की ठमी माझ्यावर एक गाठ मारायची. बाळ सुखरूप झालं की त्या गाठीत लाल धागा ओवायची. पोट गेलं तर गाठ तशीच राहायची, बोडकी. दर दिवाळीला एक चिंधी बांधायची म्हणजे वर्ष कळे. डोळे मिटून बोट फिरवायची आणि सांगायची, "ही खर्डीची तानी, भाताच्या आवणीत गेलं तिचं. ही देवकी, मुलगी झाली, लय रडकी." एकही चुकायची नाही.

साठ साली डॉक्टर कर्णिकबाई यायला लागल्या. दर मंगळवारी शेणव्याच्या शाळेच्या ओट्यावर त्यांचा दवाखाना. अंगाने किडकिडीत, चहा मात्र बशीत ओतून फुर्र करून प्यायच्या, म्हणून मला आवडल्या. त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. कच्ची पोटं का जातात? कितव्या महिन्यात, कुठल्या कामाच्या दिवसांत? त्यासाठी त्यांनी कागद छापून आणले होते. पण बाया काही सांगतील तर शपथ! "दिवस किती वेळा गेले?" असं विचारलं की पोरं मोजायच्या आणि तेवढाच आकडा सांगायच्या. गेलेल्यांचं नाव नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायच्या. बाईंचे कागद कोरेच.

शेवटी ठमीनेच मला सोडून त्यांच्या मांडीवर टाकलं. "हे बगा. हितं सगळं हाय."

त्या दिवशी दोघी जेवायच्यासुद्धा विसरल्या. ठमी बोट फिरवत सांगायची आणि बाई लिहायच्या. उठताना बाई म्हणाल्या, "ठमाबाई, मी सहा वर्षं डॉक्टरकी शिकले, पण असं दप्तर नाही पाहिलं." ठमी लाजून लाल! आणि मी? माझा तर पीळच ताठ झाला.

पण गावात सगळे काही कौतुकच करत नव्हते. महिपत कुणब्याची आई काशी भारी बोलभांड. तिच्या सुनेच्या, सरूच्या, नावाच्या माझ्यावर दोन गाठी होत्या आणि दोन्ही बोडक्या. काशी पाणवठ्यावर सांगत सुटली, "ठमीची गाठ बसली का पोट गेलंच!" मला इतका राग आला! पण दोरीने कोणाशी भांडावं?

सरूने ते मनात धरलं. बासष्टच्या मार्गशीर्षात भाताची झोडणी चालू होती. सरू झोडणी सोडून तीन दिवस पडवीत बाजूला बसली, बायका अडचणीच्या वेळी बसतात तशी. सगळ्यांनी पाहिलं, ठमीनेही पाहिलं. म्हणजे हिला काही नाही, असंच सगळे समजले.

मंगळवारी खळ्यावर सरू पोट धरून खाली बसली. महिपतने ठमीला बोलावून आणलं. ठमी पाहते तर पोर पांढरीफटक, कपाळ गार. "खांदा दुखतो," म्हणाली. पोट डावीकडे दुखतंय आणि खांदा कसा दुखतो? काशी म्हणाली, "भारा उचलला, नस चढली. चोळ तिला."

ठमीने माझ्यावर बोट फिरवलं. सरूची नवी गाठ नाही. शिवाय परवाच बाजूला बसली होती. मग पोटुशी कशी असेल? तिने तेल कोमट करायला ठेवलं. मी सगळं बघत होते आणि मलाही तसंच वाटत होतं. माझ्यावर गाठ नाही म्हणजे नाही, एवढा मला माझा गर्व होता.

ठमीने तेलाचा हात पोटाकडे नेला तेव्हा सरूने तो घट्ट धरला आणि तिला खाली ओढलं. "मावशे, गाठ मारू नको. तुजी आण हाय. दोन महिने झालेत मला. मी खोटीच बसलेली."

तेलाची वाटी कलंडली. ठमी ओरडली, "हात लावू नका गो कोनी तिला!" आणि धावत सुटली. पन्नाशीची बाई, शाळेपर्यंत एका दमात. मी तिच्या कमरेला आपटत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारत होते.

कर्णिकबाईंनी खळ्यावर येऊन नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली. "गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला असणार. नळी फुटली आहे. आत रक्त चाललंय. बोलत बसू नका, उचला!" चार गड्यांनी घोंगडीची डोली केली. सडकेवर गवताच्या गासड्यांचा ट्रक मुंबईला निघाला होता. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा नाही, निम्म्या गासड्या तिथेच उतरवल्या. बाई गवतावर सरूचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, समोर ठमी आणि महिपत. कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं. महिपतने बाटलीभर रक्त दिलं आणि स्वतःच भोवळ येऊन पडला, तेव्हा त्यालाही खाट द्यावी लागली. पण सरू जगली. एक नळी गेली, पोर वाचली.

घरी येऊन ठमीने मला चुलीपुढे धरलं. "माज्या गाठीला भिऊन मरत होती पोर. कशाला हवी ही?" आमच्या जिवाभावाच्या बाईने असं म्हणावं! पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात कर्णिकबाई दारात आल्या. म्हणाल्या, "दोरीचा दोष नाही. सरूला भीती न वाटता सांगता येईल असं आपण कधी केलं नाही, हा दोष आहे." त्या दिवसापासून दोघींनी ठरवलं. महिना चुकलेल्या बाईच्या पोटात दुखलं तर चोळायचं नाही, मंगळवार असला तर बाईंचा दवाखाना, नाहीतर गाडी. आणि विचारायचं ते एकटीला, सासूला बाहेर बसवून.

महिन्याभराने सरू आली, काठी झालेली. ठमीने मला पाठीमागे लपवलं.

"मावशे, दोरी काढ."

"कशाला गो?"

"तिसरी गाठ मार माजी. ते होतं. दोन महिने होतं. मी कोनाला सांगितलंच नाय."

ठमीने गाठ मारली. तीनदा सुटली, तीनदा पुन्हा मारली. मग दोघी एकमेकींना धरून पोटभर रडल्या.

आता अडुसष्ट साल आहे. ठमी गेल्या वर्षी गेली आणि मी सरूच्या कमरेला आले. तिला अजून मूल नाही, पण तिला सांगायला बाया मुरबाडहून चालत येतात. कर्णिकबाईंचे कागद भरून गेलेत.

परवा दुपारी सरू मला उन्हात घालून बसली होती. काशी आली. सत्तरीची, वाकलेली, तोंडाने तीच बोलभांड. पण त्या दिवशी सरूच्या शेजारी येऊन टेकली. मग हळूच म्हणाली, "सरू, माज्या पन बांध गो."

"किती?"

म्हातारीने चार बोटं वर केली. चाळीस वर्षांपूर्वीची. महिपतच्या आधीची दोन, नंतरची दोन. कोणत्या कामाच्या वेळी गेली, सगळं तिला पाठ होतं.

सरूने एकेक गाठ सावकाश मारली. काशी प्रत्येक गाठीला हात लावून बघत होती.

बायांनो, माझ्या अंगावर अजून हातभर जागा आहे. कधीचंही असू द्या. येऊन सांगा.